आधी एक शेजारी शीक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासाची सुरुवात कुठून करू, विचारतेस, आणि शिफारसपत्रही मागतेस. एक सीनियर सांगतो अभ्यासाला चीन घे, दुसरी म्हणते अमेरिकेत मास्टर्स कर, घरच्यांना यूपीएससी हवी. आणि या गोंधळात तू प्रकल्पाचा विषय काढलास, ‘इंडो-पॅसिफिकमधील बदलता सत्तासमतोल’. जीव कळवळला, आणि रागही आला. एस.वाय.ला आहेस आणि हिंदी आणि प्रशांत असे दोन महासागर अंगावर घेतेस?

एक देश धर. शेजारचा. त्याची भाषा शीक. बाकी सगळं नंतर.

तू कांद्याच्या निफाडची, म्हणून बांगलादेश सुचवतो. सप्टेंबर २०१९मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावात काय झालं, ते तुला सांगायला नको. तिकडे ढाक्यात भाव भडकले. ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांपुढे चक्क हिंदीत म्हणाल्या की, स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तशीच अचानक बंदी आली आणि पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले. परराष्ट्र धोरण तुझ्या घरच्या कांदाचाळीपर्यंत आलेलं आहे, आणि तू ते तिकडे आग्नेय आशियात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत शोधतेस!

१९९६चा गंगा पाणीवाटप करार मिळव आणि पेन्सिल घेऊन बस. त्यावरचे लेख नकोत, करारच वाच. १ जानेवारी ते ३१ मे, सीमेजवळच्या आपल्या फराक्का बंधाऱ्यापाशी दर दहा दिवसांचा हिशेब. पाणी ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं आपल्याला. त्याहून जास्त असेल तर आपल्याला ४० हजार, उरलेलं त्यांना. मुदत तीस वर्षांची, डिसेंबर २०२६पर्यंत. मग तिस्ता नदीचं पाणीवाटप बघ. २०११ साली पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले, कराराचा मसुदा तयार होता, पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि सही राहून गेली. ती अजून राहिलीच आहे.

पण भाषा हवी. पुन्हा सांगतो, भाषा हवी. बांगला लिपी मराठी मुलीला महिन्याभरात वाचता येते. मग रोज ढाक्याच्या वर्तमानपत्रातली एक बातमी, शब्दकोश घेऊन, अडखळत का होईना.

मला लोक म्हणतात, आयुष्य एका छोट्या देशात घालवलंत. घालवलं. मोठ्या परिषदांची बोलावणी अमेरिका-चीनवाल्यांना गेली, त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण २०२४च्या पावसाळ्यात ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा मी त्यांची पत्रकं त्यांच्याच भाषेत वाचत होतो. ठिणगी सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाची होती, स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीच्या ३० टक्के जागांची. आरक्षणाचं राजकारण मराठी मुलीला कोणी समजावून द्यावं लागतं का? ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला तेव्हा कित्येक अभ्यासक चक्रावले. मी चक्रावलो नाही. हे मी अभिमानाने लिहितोय, आणि तो अभिमान मला कमवावा लागला आहे.

यूपीएससी दे, परदेशी जा, माझी हरकत नाही. बांगलादेश नको असेल तर नेपाळ घे, श्रीलंका घे, म्यानमार घे. पण प्रकल्पाचा तो विषय आजच बदल आणि देशाचं नाव कळव. शिफारसपत्राचं त्यानंतर बघू.

तुझा,
सर