बांबोळीहून घरी आलेल्या रुग्णाची काळजी कोणी घ्यायची?

प्रश्न : आम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका गावात राहतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. जवळच्या सरकारी इस्पितळात ईसीजी काढून इंजेक्शन दिले आणि १०८ रुग्णवाहिकेने त्यांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात (गोमेकॉत) पाठवले. तेथे स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घातला, जीव वाचला. मात्र नंतर रक्तदाब दाखवायला आणि गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात गेलो, तेव्हा ‘फाइल बांबोळीची आहे, तिथेच दाखवा’ असे उत्तर मिळाले. पहाटेची कदंब बस पकडून पणजीला बस बदलायची आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, यात अख्खा दिवस जातो. ही इस्पितळे एकमेकांशी जोडलेली नाहीत का?
(एक वाचक, सत्तरी)

उत्तर : आपले सासरे वाचले हे वाचून फार बरे वाटले. ते वाचले याचे कारण इस्पितळे त्या दिवशी एकमेकांशी जोडलेली होती. ‘स्टेमी गोवा’ उपक्रमात तालुक्याच्या इस्पितळात काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे लगेच पोचतो, हृदयविकाराच्या झटक्याचे निदान पक्के झाले की रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच दिले जाते आणि मग रुग्ण गोमेकॉत हलवला जातो. झटक्यानंतर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर हृदयाचे स्नायू मरत असतात. म्हणून सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला इंजेक्शनसाठी बांबोळी गाठावी लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

खरी उणीव परतीच्या वाटेवर आहे. प्राथमिक व सामाजिक आरोग्य केंद्रे आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत येतात, तर गोमेकॉचा कारभार अधिष्ठात्यांच्या हाताखाली स्वतंत्रपणे चालतो. रुग्णाला वर पाठवताना चिठ्ठी जाते, पण तो घरी आला की त्याची खबर केंद्राच्या डॉक्टरांपर्यंत बहुधा त्याच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डापुरतीच पोचते. नव्या, अनोळखी औषधांची यादी पाहून केंद्रातील डॉक्टर बिचकले असतील, तर ते मी समजू शकतो. मात्र रक्तदाब न मोजता रुग्णाला परत पाठवणे मला मान्य नाही. रक्तदाब, साखर आणि नेहमीच्या गोळ्या पाहणे हे आरोग्य केंद्राचेच काम आहे, आणि तज्ज्ञांचे मत हवे असेल तर केंद्राचे डॉक्टर दूरध्वनीवरून किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून विचारू शकतात.

ही गोष्ट मी इतक्या आग्रहाने मांडतो, कारण स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात आणि प्रवासाला कंटाळून, किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून, त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते. गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय त्या थांबवू नका. सासऱ्यांचा दात काढायचा झाला, तरी दंतवैद्यांना आधी या गोळ्यांची कल्पना द्या.

अनेक हातांनी मिळून काम करणे सत्तरीला नवे नाही. २०१५ पासून तालुक्यात माकडतापाचे (रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळू लागले, तेव्हा मेलेल्या माकडाची वर्दी, तापाच्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी आणि काजूच्या बागेत जाणाऱ्यांना सावध करणे ही कामे एकमेकांना कळवल्याशिवाय होऊच शकत नव्हती. तोच नेम एकट्या रुग्णासाठी पाळता येईल. डिस्चार्जच्या दिवशीच संबंधित केंद्राला कळवावे आणि केंद्राच्या परिचारिकेने आठवडाभरात घरी एक फेरी मारावी, एवढी तरी व्यवस्था व्हावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या गावची ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आणि इस्पितळाची रुग्ण कल्याण समिती, दोन्हीकडे आपला अनुभव तारखांसह लेखी द्या. पंचायत सदस्याची सही सोबत घेतलीत तर उत्तमच.

तोपर्यंत डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्या. पुढच्या खेपेस बांबोळीला गेलात की ‘रक्तदाब व साखर स्थानिक केंद्रात पाहावी, अमुक झाल्यास परत पाठवावे’ अशी दोन ओळींची सूचना डॉक्टरांकडून कार्डावरच लिहून घ्या. फाइलच्या आतल्या बाजूस स्टेंटची तारीख आणि त्या दोन गोळ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री १०८ बोलावावी लागली तरी रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना ती शोधत बसावी लागणार नाहीत.