अमेरिकेत सरकारी खात्यांना पुरवलेल्या सिगारेटवर कर माफ असतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेत सरकारी खात्याला पुरवलेल्या सिगारेटवर कर माफ असतो का, आणि तेथील लष्करी दुकानांत सिगारेट स्वस्त मिळत असे, त्याचे कारण हीच माफी होती का. पहिल्याचे उत्तर ‘होय, पण अटींसह’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे.

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल कायद्याच्या कलम 5704 नुसार उत्पादकाला तंबाखूजन्य माल ‘संयुक्त संस्थानांच्या वापरासाठी’ कर न भरता कारखान्याबाहेर काढता येतो. येथे संयुक्त संस्थाने म्हणजे फक्त केंद्र सरकार; एखाद्या राज्याच्या रुग्णालयाला किंवा तुरुंगाला हा लाभ मिळत नाही. केंद्रीय उत्पादन शुल्क 1 एप्रिल 2009 पासून दर हजार सिगारेटींमागे 50.33 डॉलर, म्हणजे वीसच्या पाकिटामागे साधारण एक डॉलर आहे, आणि माफी मिळते ती एवढ्याचीच.

खरी मेख आहे ती ‘वापर’ या अटीत. अशा प्रत्येक पाकिटावर ‘करमुक्त, संयुक्त संस्थानांच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापावा लागतो. माल खात्याच्या हाती पडेपर्यंत कराची जबाबदारी उत्पादकाच्याच डोक्यावर असते, त्यामुळे वाटेत काही पेट्या गहाळ झाल्या तर ‘सरकारी माल होता’ एवढ्या सबबीवर त्याची सुटका होत नाही. माझ्या मते ही तरतूद मुळात फुकट वाटपाच्या काळातली आहे. सैनिकांच्या शिध्यातच सिगारेट देण्याची पद्धत तेथे 1975 पर्यंत चालू होती.

लष्करी दुकानांत मात्र माल विकला जातो, म्हणून त्यावर केंद्रीय शुल्क भरलेले असते. तेथे लागत नाही तो राज्याचा कर, आणि स्वस्ताई त्यातूनच येत असे. 2016 मध्ये संरक्षण खात्याने या दुकानांतील दर, कर धरून, आसपासच्या बाजारभावाइतके ठेवण्याचे धोरण जाहीर केले, त्यामुळे तोही फायदा ग्राहकाच्या दृष्टीने फारसा उरलेला नाही.

आपल्याकडील लष्करी कँटीनशी याची गल्लत होते, ती स्वाभाविक आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या कँटीन स्टोअर्स विभागाला (सीएसडी) पुरवठादार जीएसटी लावूनच माल देतो. नंतर कलम 55 खाली त्या कराची निम्मी रक्कम विभागाला परत मिळते, आणि पुढे युनिटच्या कँटीनमधून जवानाला होणाऱ्या विक्रीवर पुन्हा जीएसटी आकारला जात नाही. म्हणजे अमेरिकेत विक्री झाली की माफी संपते, तर आपल्याकडे सवलत दिली जाते तीच मुळी जवानांना विकायच्या मालावर.