‘हाउस’ ही अवघड आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांची अमेरिकन मालिका पहिल्यांदाच बघताय?

निदान ओळखायच्या नादात पहिल्या दहा मिनिटांत ‘ल्युपस!’ म्हणून मोकळे होऊ नका. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या या आजाराचं नाव मालिकेत सारखं निघतं आणि खोटं ठरतं. खरा ल्युपस सापडायला चौथा सीझन उजाडतो.

२००४ चा पहिला भाग मात्र नीट बघा. शिक्षिकेच्या मेंदूत फीतकृमीची (टेपवर्मची) गाठ, आणि पुरावा मिळतो मांडीच्या एक्स-रेमध्ये! दोष मांसावर येतो, पण खरी गंमत पुढे आहे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून कृमी आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होतात त्याची अंडी पोटात गेल्यावर. म्हणजे मांस न खाणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

सातव्या सीझनमधली कोबाल्टची विषबाधा तर चुकवूच नका. जर्मनीतल्या मारबुर्गच्या डॉक्टरांना एका हृदयरुग्णाचं निदान त्यावरूनच सुचलं. कोबाल्ट त्याच्या कृत्रिम खुब्यातून झिरपत होतं. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही हे छापलं.

बाकी डॉक्टरांनीच एमआरआय चालवणं, रुग्णाच्या घरात घुसणं वगैरे निव्वळ नाट्य. आणि सबटायटल लावा हो, आजारांची नावं फार भरभर बोलतात.