पोटासाठी काढलेल्या रेषा

प्रिय चित्रकारा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर पाठ्यपुस्तकांची चित्रं काढून हात दमतो आणि दरबाराचं ते मोठं चित्र भिंतीला टेकून पडून राहतं, ही तगमग मला कळते. म्हणून आज आडोल्फ मेन्झेल या जर्मन चित्रकाराबद्दल लिहितो.

त्याचा जन्म १८१५ चा, ब्रेस्लाऊचा (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ). वडिलांचा शिळाछापखाना होता, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापायचा. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आलं आणि दोनच वर्षांत वडील गेले. आई, भावंडं आणि छापखाना, सगळंच सोळा वर्षांच्या पोरावर येऊन पडलं. मिळेल ते काम शिळेवर काढायचं. अकादमीत तो जेमतेम टिकला.

मग इतिहासकार फ्रान्झ कुग्लरने लिहिलेल्या, प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या (फ्रेडरिक द ग्रेट) चरित्राचं काम आलं. लाकडी ठशांसाठी सुमारे ४०० चित्रं! १८३९ ते १८४२ ही वर्षं त्यातच गेली. जुने गणवेश, शस्त्रं, तसबिरी तो धुंडाळत राहिला. पॅरिसच्या कारागिरांनी कोरलेले ठसे पटेनात, तेव्हा बर्लिनच्या कारागिरांकडून त्याने आपल्या रेषेबरहुकूम कोरून घेतलं. तू ज्याला हमाली म्हणतोस, तीच ही.

१८५२ साली पुरं झालेलं त्याचं ‘सांसुसीतली बासरीची मैफल’ हे चित्र याच मेहनतीवर उभं आहे; सांसुसी म्हणजे फ्रेडरिकचा राजवाडा. राजा बासरी वाजवतोय, पण माझी नजर दर वेळी झुंबरातल्या मेणबत्त्यांकडे जाते. तो उजेड खरा आहे, म्हणून राजाही खरा वाटतो. तुझ्या दरबारात मला हेच खटकलं. चेहरे उत्तम, पण उजेड कुठून येतो ते कळत नाही.

मेन्झेलच्या कोटाच्या खिशांत वह्या असायच्या. विस्कटलेलं अंथरूणही त्याने मन लावून काढलं. पोलाद कारखान्याच्या चित्रासाठी, साठीकडे झुकलेला असताना, कोनिग्सह्युटे या कारखान्यांच्या गावी जाऊन शंभरावर अभ्यासचित्रं केली.

आणि अर्धवट चित्राची लाज वाटते म्हणतोस, तर हेही ऐक. लॉयथेनच्या १७५७ मधल्या लढाईआधी सेनापतींशी बोलणारा फ्रेडरिक त्याने १८५९ मध्ये रंगवायला घेतला. सेनापती उभे राहिले, राजाची जागा कोरीच राहिली. पुढे तो १९०५ पर्यंत जगला, तरी ती भरली नाही. बर्लिनच्या संग्रहालयात ते चित्र आजही तसंच आहे.

तुझा दरबार आहे तसा घेऊन ये. सिंहासनाला हात लावू नकोस. आधी खिडकी कुठे आहे ते ठरवू.

तुझे,
सर