पाऊल वर उचलत नाही: दोष कमरेत की गुडघ्याखाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील साठीच्या पुढचे. कांदाकाढणीत सलग दोन दिवस उकिडवे बसून काम केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उजवं पाऊल वर उचलेना. चप्पल निसटते, चालताना गुडघा उंच घ्यावा लागतो, पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा आहे, कंबर मात्र दुखत नाही. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) आलंय. एक डॉक्टर मणक्याचं ऑपरेशन सांगतात, दुसरे थांबा म्हणतात. दोष नेमका कुठे आहे?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट न तपासता निदान सांगणार नाही, पण हे वर्णन वाचून माझं पहिलं बोट कमरेकडे नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूकडे जातं.

कारण सांगतो. मांडीच्या मागून उतरणारी जाड सायटिक नर्व्ह गुडघ्याच्या थोडं वर दोन भागांत फुटते. त्यातला टिबियल नर्व्हचा भाग पोटरीत खोल शिरतो. दुसरा भाग म्हणजे कॉमन पेरोनियल नर्व्ह. ती बाहेरच्या बाजूला येते आणि फिबुला या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे जाते. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, हाडाचा जो गोल उंचवटा हाताला लागतो त्याच्या लगेच खाली ही जागा आहे. तिथे या नर्व्हवर मांसाचं पांघरूणच नाही. वर त्वचा, खाली हाड. बोटाने हलकं चाचपलं तर बऱ्याच जणांत ती दोरीसारखी सरकताना जाणवते. उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण मिटतो आणि ती इथेच ताणलीही जाते, दबलीही जाते. तासन्‌तास पायावर पाय टाकून बसणारे, घट्ट प्लास्टर घातलेले, आजारपणात किंवा डाएटमुळे झपाट्याने वजन उतरलेले, या सगळ्यांचं पाऊल याच जागेमुळे पडतं, म्हणजे वर उचलेनासं होतं.

आता गोंधळ का होतो ते. पाऊल आणि अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूंना पुरवठा पेरोनियल नर्व्हमधून येतो, पण त्या नर्व्हमधले बरेचसे धागे कमरेतल्या एल५ या मुळातून (मणक्यातून नर्व्हचा जो फाटा बाहेर पडतो त्यातून) निघालेले असतात. एल४-एल५ची गादी सरकली की सहसा हेच मूळ दबतं. म्हणजे वर दाबा किंवा खाली दाबा, पाऊल पडणारच. पाऊल बाहेरच्या बाजूला वळवण्याची ताकदही दोन्हीकडे कमी होते, त्यामुळे ती तपासून फारसं कळत नाही.

खरा निवाडा पाऊल आत वळवण्यात आहे. ते काम करणारा टिबियालिस पोस्टीरियर हा स्नायू मुख्यतः एल५वरच चालतो, पण त्याची वायर टिबियल नर्व्हमधून येते. फिबुलाच्या मानेपाशी काहीही झालं तरी त्याला धक्का लागत नाही. म्हणून पाऊल वर येत नाही पण आत जोरात वळतं, असं असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशी. आत वळवतानाही ताकद नसेल तर नजर वर न्यायची. एक खबरदारी: पाऊल लोंबकळत असताना ही ताकद आहे त्याहून कमी भासते. मी तळव्याला हात देऊन पाऊल काटकोनात धरतो, मग आत वळवायला सांगतो. घाईत ही पायरी गाळली जाते आणि पेशंटच्या माथी उगाच मणका मारला जातो.

दुसरी खूण कुल्ह्यात. वडिलांना डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगा आणि वरून थोडा दाब द्या. हे करणारा ग्लुटियस मीडियस हाही प्रामुख्याने एल५चा, आणि त्याची नर्व्ह कमरेखालीच वेगळी फुटते. तो कमजोर असेल तर गुडघ्याखालच्या दाबाने ते समजावता येत नाही. मात्र खुब्याचा सांधा दुखत असेल तर दुखण्यामुळेही पाय उचलत नाही, तेवढं बघा.

एमआरआयबद्दल स्पष्ट बोलतो. साठीत कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसाचा एमआरआय काढला तरी गादी फुगलेली दिसणं अगदी नेहमीचं आहे. फोटोत बल्ज आहे म्हणून पाऊल त्यामुळेच पडलं, असं होत नाही. फोटो आणि स्नायूंची तपासणी जुळली पाहिजे. न जुळता ऑपरेशनची तारीख ठरत असेल तर मी दुसरं मत घेईन.

या भांडणात सर्वांत उपयोगी पडते ती एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे नर्व्हची आणि सुईने स्नायूंची तपासणी. एनसीव्हीत विजेचा हलका झटका देऊन नर्व्हमधून संदेश कसा जातो ते बघतात. फिबुलाच्या मानेच्या खाली झटका दिला तर स्नायू नीट हलतो, वर दिला तर हलत नाही, असं आलं की अडथळा कुठे आहे हे कळलंच. यात मला कायम आवडणारी एक गंमत आहे. संवेदनेच्या पेशी मणक्यातून बाहेर पडतानाच्या एका गाठीत बसलेल्या असतात. गादी मुळाला दाबते ती सहसा त्या गाठीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे पेशी आणि पायातले तिचे धागे शाबूत राहतात. पेशंट म्हणतो पाय बधिर आहे, आणि मशीन म्हणतं पायातली संवेदनेची नर्व्ह ठणठणीत आहे! बधिरपणा असूनही रिपोर्ट असा आला तर दोष मुळापाशी असू शकतो. तोच सिग्नल पडलेला असेल तर दोष बहुधा खाली. ईएमजीच्या सुईला स्नायूतले बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेल्या ईएमजीवर निकाल काढू नका.

बरं कधी होईल? फक्त नर्व्हवरचं आवरण दबलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलायला लागतं. आतले धागेच तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतात, मग महिने मोजायचे. तोवर उकिडवं बसणं पूर्ण बंद. पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट (एएफओ) बुटात घालून चालायचं, नाहीतर अडखळून पडतील. दिवसातून तीन-चारदा हाताने पाऊल वर ओढून टाच ताणायची, म्हणजे पोटरी आखडणार नाही. गुडघ्याच्या बाहेर त्या उंचवट्याखाली कुणाला रगडून मालिश करू देऊ नका, दबलेल्या नर्व्हला अजून दाबून काय मिळणार? बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेलं कळणार नाही. बी-१२ची कमतरता नसेल तर त्या इंजेक्शनांनी दाब सुटत नाही.

डॉक्टरांकडे दोन गोष्टी मुद्दाम तपासून घ्या. साखर, आणि अंगावर बधिर चट्टा. कुष्ठरोगात हीच नर्व्ह याच जागी जाड होते, आणि आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं.

आणि थांबायचं नाही असे प्रसंग: लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय जड झाले, किंवा तोंड वाकडं, हात लुळा झाला, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात न्या. कमरेतून पायात कळ येत असेल आणि ताकद रोज घटत असेल, तर ऑपरेशन सांगणारे डॉक्टर बरोबर असू शकतात. वडिलांचं पाऊल आत वळतं का, तेवढं बघून इथेच कळवा.