रुग्णाचं ‘मूल्यांकन’ की विचारपूस?

नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘आमचं पुस्तक इंग्रजीत आणि पेशंट मराठीत. हेल्थ असेसमेंटला मराठीत नेमकं काय म्हणायचं? कुणी मूल्यांकन म्हणतं, कुणी मूल्यमापन, कुणी तपासणी. वॉर्डात एका आजींना मी ‘तुमचं मूल्यांकन करायचंय’ म्हटलं, तर त्या घाबरूनच गेल्या.’

आजी घाबरल्या, कारण त्यांना मराठी नीट कळतं. मूल्यांकन म्हणजे मोल ठरवणं. ते जमिनीचं होतं, दागिन्यांचं होतं, नॅकची समिती आली की कॉलेजचं होतं. खाटेवर पडलेल्या माणसाचं मोल काढायला कुणी आलं तर त्याच्या पोटात गोळा येणारच.

मूळ इंग्रजी शब्दात हे मोल शिरलं ते करवसुलीतून. त्याचा लॅटिन धातू ‘शेजारी बसणे’ असा आहे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला मदत करणारा तो असेसर. पुढे हाच कर किती बसवायचा ते ठरवू लागला आणि शब्दाला किमतीचा अर्थ चिकटला. महापालिकेत घरपट्टीच्या संदर्भात हाच शब्द येतो आणि तिथे त्याला ‘आकारणी’ हा चोख मराठी शब्द आहे. सातबाऱ्यावरही तो असतो. दवाखान्यात मात्र आपल्याला धातूचा पहिला अर्थ हवा. त्याला मराठीत ‘उशाशी बसणं’ म्हणतात.

‘मूल्यांकन’ किंवा ‘मूल्यमापन’ नको म्हणण्याचं दुसरं कारण तुमच्या अभ्यासातलंच आहे. शुश्रूषेच्या पाच पायऱ्या तुम्ही शिकता: रुग्णाची स्थिती जाणून घेणं, शुश्रूषेच्या अंगाने निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि शेवटी केलेल्या कामाचा उपयोग झाला का ते पाहणं. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. मराठी टिपणांमध्ये दोन्हींना सर्रास मूल्यमापन म्हटलं जातं आणि मुलं गोंधळतात. ताप १०२ आहे हे कळणं ही पहिली पायरी. औषध दिल्यावर तासाभराने तो उतरला का, हे बघणं शेवटची. मूल्यमापन हा शब्द या शेवटच्या पायरीलाच शोभतो, कारण तिथे आपण आपलं काम मोजतो, माणसाला नाही.

म्हणून माझं मत असं: पहिल्या पायरीला लिहिताना ‘रुग्णपाहणी’ म्हणा आणि तिचे दोन भाग करा, विचारपूस आणि तपासणी. नुसतं ‘तपासणी’ म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते आणि अर्धं काम बाहेर राहतं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोग्याची परीक्षा तीन प्रकारे करायला सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यातला प्रश्न म्हणजेच आपली विचारपूस.

विचारपूस हा शब्द मला फार प्रिय आहे. त्यातला ‘पूस’ पुसणे या क्रियापदाचा, संस्कृत पृच्छतीवरून आलेला, म्हणजे विचारणे. फडक्याने पुसणे हे रूप तेच, पण ते आलं प्रोञ्छतीवरून. दोन वेगळे धातू झिजत झिजत मराठीत एकाच रूपाला येऊन थांबले. सकाळी रुग्णाचं अंग पुसता पुसता ‘रात्री झोप लागली का?’ असं पुसणारी नर्स दोन्ही धातू एकत्र चालवत असते.

विचारपुशीत जे सांगितलं जातं त्याला ‘तक्रार’ म्हणा आणि तपासणीत सापडतं त्याला ‘आढळलं’ म्हणा. पुस्तकं इथे लक्षण आणि चिन्ह असे शब्द वापरतात, पण बोलण्यात ‘लक्षण ठीक दिसत नाही’ आणि ‘चिन्हं बरी दिसत नाहीत’ यांत काहीच फरक राहिलेला नाही. ‘तक्रार: अंगात कसकस. आढळलं: ताप ९८.४’ असं लिहिलं की कुणाचंच खोटं ठरत नाही. थर्मामीटरने काही दाखवलं नाही म्हणून कसकस खोडायची नसते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आईला इथल्याच एका रुग्णालयात नेलं होतं. फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं, ‘छातीत दुखतंय का?’ आई म्हणाली, ‘नाही.’ नाहीच्या चौकटीत खूण झाली. आई खरंच बोलत होती. तिच्या लेखी दुखणं म्हणजे ठणकणं. थोड्या वेळाने पाळी बदलून दुसऱ्या सिस्टर आल्या, कॉटच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, ‘आई, काय होतंय ते सांगा बरं.’ ‘काही नाही गं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतंय, डावा हात भरून आलाय.’ सिस्टर उठल्या त्या ईसीजीचं मशीन घेऊनच परत आल्या.

‘वेदना: आहे / नाही’ या चौकटीत मराठी माणसाचं दुखणं मावत नाही. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, पोटात मुरडा येतो, पाठीत चमक किंवा उसण भरते, भाजलेलं हुळहुळतं, पायाला रग लागते, डोकं भणभणतं. यातल्या प्रत्येक शब्दात दुखण्याची जात सांगितलेली आहे. ‘चक्कर’ म्हटलं तर पुढे विचाराच: गरगरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येते? खोली फिरणं आणि शुद्ध हरपेल असं वाटणं यांची कारणं वेगळी असतात. म्हणून रुग्णाचा शब्द आहे तसा अवतरणात लिहा, त्याचं ‘वेदना’ करू नका.

तपासणीच्या चार रीतींना पुस्तकी नावं पाठ करण्यापेक्षा साधी क्रियापदं वापरा: पाहणं, चाचपणं, वाजवणं, ऐकणं. वाजवणं बघून हसू नका. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची रीत ऑएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंप भरलंय की रिकामं हे ठोकून ओळखतात हे त्याला माहीत होतं. आपण मडकं वाजवून घेतो ते काय वेगळं? पोटाच्या बाबतीत मात्र क्रम बदलतो: आधी पाहा, मग ऐका, मग वाजवा आणि शेवटी चाचपा. आधी दाबलंत तर आतड्यांचे आवाज बदलतात.

एक पुरवणी, नाशिकपुरती. सटाणा-मालेगावकडून आलेला रुग्ण अहिराणीत ‘मन्हं पोट दुखस’ म्हणेल. ते तसंच लिहून घ्या. सुरगाणा-पेठकडच्या माणसाचा शब्द कळला नाही तर सोबतच्या नातेवाइकाला विचारा आणि मग रुग्णाला ‘कुठं ते बोटाने दाखवा’ म्हणा. आणि त्या आजींकडे परत जाल तेव्हा म्हणा, ‘आजी, जरा बसते तुमच्याजवळ. काय होतंय सांगा.’