ज्येष्ठांचा मोबाईल: पैसे गेले तर आधी १९३० लावा, बाकी सगळं नंतर

ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये मी मोबाईलचे वर्ग घेते. तिथे काय आणि मेसेजवर काय, फिरून फिरून तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. वर लिहिलेला १९३० हा सायबर फसवणूक कळवायचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. घरातल्या मुलासुनांनीही वाचा, कारण नवा फोन हातात देऊन "जमेल हळूहळू" म्हणत निघून जायचं, यातूनच निम्मा गोंधळ होतो.

अक्षरं फार बारीक दिसतात. मोठा फोन घेऊ का? (एक काका, सातारा)

नको. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जा, तिथे फॉन्टचा आकार वाढवा. तरी धूसर दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मोबाईलच्या दुकानदाराला नाही.

शेजाऱ्यांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं, पत्रिका दिसलीच नाही. (एक काकू, इचलकरंजी)

पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप असतं, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि आपण सवयीने ओके ओके करत गेलो की बँकेचे ओटीपी थेट चोराला दिसतात. शेजाऱ्यांवर चिडू नका, बहुतेक त्यांचाच फोन आधी ताब्यात गेलाय, त्यांनाही कळवा. तुम्ही आत्ता नेट आणि वायफाय बंद करा, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घ्या, मग फोन जाणकाराकडून रीसेट करून घ्या. आरटीओचं चलान, वीजबिल, पीएम किसान या नावांनीही हेच येतं. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं, आणि तिथेही घरच्या कुणाला तरी विचारून.

हयातीचा दाखला खरंच घरबसल्या होतो का? (एक काका, चिपळूण)

होतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप लागतात, चेहरा दाखवून काम होतं. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरमध्ये. तुमची पेन्शन कुठली त्यावर काही गोष्टी बदलतात, तेव्हा एकदा बँकेत किंवा कोषागारात विचारून घ्याच. आणि "दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर एक शब्द न बोलता ठेवून द्या.

सासऱ्यांना पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला, आधारवर मनी लाँडरिंगची केस आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात म्हणाले. त्यांनी एफडी मोडून पैसे पाठवले आणि आम्हाला चार दिवसांनी सांगितलं. आता फेसबुकवरची एक एजन्सी फी घेऊन पैसे परत मिळवून देते म्हणतेय. द्यावी का? (एक ताई, नाशिक)

नाही, अजिबात नाही. ती एजन्सी म्हणजे दुसरा चोर, एकदा फसलेल्या माणसालाच हे लोक परत गाठतात. ताई, तुम्ही हे वाचताय तिथेच थांबा आणि १९३० लावा, मग पुढचं वाचा.

डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं, तरी रोज कुणीतरी अडकतंय, कारण ते नाटक फार बेमालूम असतं. समोर खाकी वर्दी, मागे सीबीआयचं चिन्ह, टेबलावर फायली, आणि पहिलाच हुकूम काय, तर दार लावून बसा आणि घरात कुणाला सांगू नका. सगळी मेख त्या हुकुमात आहे, कारण मुलाला नाहीतर शेजाऱ्याला एक हाक मारली असती तर तो कॉल तिथेच संपला असता. खरे पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत आणि "पडताळणीसाठी" पैसे तर कधीच मागत नाहीत.

आता चार दिवसांबद्दल. पैसे एका खात्यात पडून राहत नाहीत, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे पुढे सरकतात, मग एटीएममधून निघतात नाहीतर क्रिप्टोत जातात. १९३० वर कळवलं की बँकांना सूचना जाते आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती गोठवता येते, म्हणून पहिल्या एकदोन तासांना एवढी किंमत. चार दिवसांनी आशा कमी होते हे खरं, पण संपत नाही, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणणाऱ्या पाहुण्यांचं ऐकू नका. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, तिचा नंबर जपून ठेवा, बँकेला लेखी कळवा, चॅट, कॉलचे नंबर आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या यातलं काहीही डिलीट करू नका, हे सगळं घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. गोठवलेली रक्कम सोडवायला बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्या.

आणि सासऱ्यांना कुणीही रागावू नका, हात जोडून सांगते. ते चार दिवस गप्प का राहिले? घरात काय बोलणी खावी लागतील या धास्तीने. माझ्याकडे येणारी बहुतेक ज्येष्ठ मंडळी पैशांइतकीच या शरमेने खचलेली असतात, आणि चोराला वेळ मिळतो तो याच शरमेमुळे. जेवणखाण, झोप सुटली असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

व्हॉट्सअपवर आलेल्या काढ्याने बीपीची गोळी बंद होते म्हणे. (एक आजोबा, जळगाव)

गोळी चालू ठेवा. काय बंद करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील.

या सगळ्या भीतीने मुलगा म्हणतो स्मार्टफोनच नको, बटणाचा घे. माझी नात कॅनडात असते. (एक काकू, डोंबिवली)

स्मार्टफोन सोडू नका काकू, नातीशी रोज बोला, भजनाचे व्हिडिओ टाका, रिक्षावाल्याला क्यूआरने पैसे द्या. यूपीआयसाठी वेगळं खातं काढून त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, एफडी आणि पेन्शनचं खातं त्याला जोडूच नका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो, एवढं पाठ करून टाका. व्हॉट्सअपला सहा आकडी पिनचं टू-स्टेप कुलूप लावा आणि ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनाच ॲड करता येईल अशी सेटिंग करा, म्हणजे अनोळखी लोक शेअर मार्केटच्या फसव्या ग्रुपमध्ये तुम्हाला परस्पर ओढू शकणार नाहीत. रोजचं लिमिट किती ठेवायचं ते बँकेत जाऊन ठरवा, मुलालाही सोबत न्या, पण पिन तुमचा तुम्हीच टाकायचा.